आबांच्या खांद्यावरचा टॉवेल

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी सुदामचा दम ऐकू यायचा. सुदाम माझा थोरला भाऊ. पहाटेच तो वस्तीमागच्या मैदानावर एकटा चढाईचा सराव करायचा, आणि 'कबड्डी कबड्डी' अशी ती एकसुरी, न तुटणारी घरघर कुडाच्या भिंतीतून आत यायची. माय तेव्हा चुलीपुढं ज्वारीचं पीठ मळत असायची. तिला मैदान दिसायचं नाही, पण कानावरून सगळं कळायचं. "आज घसा बसलाय त्याचा," म्हणून ती निखाऱ्यावर लसणाची पाकळी सरकवायची. दम मध्येच तुटला तर तिचा भाकरीवरचा हात थांबायचा, आणि पुन्हा सुरू झाला की थापा पडायला लागायच्या. मी गोधडीत पडून दोन्ही आवाज ऐकायचो. खरं तर मीही टीममध्ये होतो, डावा कोपरा सांभाळायचो, आणि पहाटे उठायचं फर्मान मलाही होतं. पण सुदामसारखं उठणं माझ्याच्यानं झालं नाही. "हे बेणं खेळंल, पर झोप पुरी झाल्यावर," असं आबा म्हणायचे.

आबा म्हणजे आमचे वडील, आणि टीम त्यांची. मैदानाच्या जागेला सगळे हाडवळा म्हणायचे. जुन्या काळी गावातलं मेलेलं जनावर ओढून नेऊन सोलायचं काम आमच्या लोकांकडं होतं, ते तिथं चालायचं. बौद्ध झाल्यावर आमच्या लोकांनी ते काम टाकलं आणि जागा ओस पडली. गावातलं कोणी तिकडं फिरकेना. आबा तरुण होते तेव्हा त्यांना गावच्या टीमवाले मैदान झाडायला आणि चुन्याच्या रेषा मारायला बोलवायचे. खेळायला कधी बोलावलं नाही. मग आबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, यशवंत काकांनी, हाडवळ्यातली हाडं वेचून काढली, नाल्यातली बारीक माती डोक्यावर वाहून आणली आणि आपलंच मैदान केलं. "चुन्याला हात बसलेला व्हताच," आबा सांगायचे, "आमच्या रेषा त्यांच्याहून सरळ." माझ्या वेळेपर्यंतही पावसाळा सरला की एखादं हाड मातीतून वर यायचं. जो त्यावर पडायचा त्याला बाकीचे चिडवायचे, "काय गड्या, आजा भेटला का?"

टीमचं नाव होतं नवप्रकाश क्रीडा मंडळ. समाजमंदिराच्या भिंतीवर ते निळ्या रंगात लिहिलेलं होतं, पण लाऊडस्पीकरवर कधी आलं नाही. बाकीच्या टीमा आपापल्या गावाच्या नावानं पुकारल्या जायच्या, चितेगाव, पाचोड वगैरे. आमच्या गावाचं नाव गावातल्या पाटील मंडळींच्या टीमकडं होतं. मग आम्हाला काय म्हणायचं? तर 'वस्ती'. "वस्तीच्या खेळाडूंनी मैदानावर यावं." असं असलं तरी जत्राजत्रांतून आम्हाला आवर्जून बोलावणं यायचं, कारण सुदामची चढाई बघायला माणसं झाडावर चढून बसायची. स्पर्धेला आलेल्या टीमांना शाळेच्या व्हरांड्यात पंगत असायची. आम्हाला शिधा मिळायचा, म्हणजे कोरडं पीठ, डाळ, मिरच्या, मीठ. तो घेऊन आम्ही गावाबाहेर तीन दगड मांडायचो. मायनं येसर बांधून दिलेलं असायचं, धान्य आणि मसाला भाजून केलेलं पीठ. ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. काका डाव्या हातानं ढवळायचे आणि म्हणायचे, "पंगतीतल्यांना बेचव वरण, आपल्याला येसर. कोण तोट्यात?" माझा मुलगा हे ऐकून परवा चिडला, म्हणाला, तुम्हाला लाज कशी वाटली नाही. बाबा रे, आधी भूक लागायची. राग जेवण झाल्यावर यायचा, आणि तोवर सामन्याची शिटी वाजलेली असायची.

काका डाव्या हातानं ढवळायचे, कारण त्यांचा उजवा हात कोपरातून सरळ होत नव्हता. वस्तीत विचारलं तर सगळे एकच सांगायचे, बैलगाडीवरून पडले. आमच्याकडं बैलगाडी नव्हती. जरा मोठा झाल्यावर मला कळलं, की आबांच्या टीमनं पहिल्यांदा एका जत्रेत फायनल जिंकली होती. ढाल घेऊन नदीच्या वाटेनं परत येताना त्यांना माणसं आडवी आली. ढाल घरी पोचलीच नाही, आणि काका पोचले ते चौघांच्या हातांवर. काका स्वतः ते कधी बोलले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाडीवरून पडलो म्हणलं ना," आणि त्यांनी बिडी पेटवली.

त्यानंतर आबांनी हरायचं ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे शिकवायलाच घेतलं. फायनलपर्यंत जायचं आणि फायनल सोडायची, हा आमच्या टीमचा कायदा झाला. सरावाचे दोन भाग असायचे. ऊन बाभळीच्या शेंड्यावर येईपर्यंत जिंकायचं शिकायचं, आणि मग हरायचं. हे दुसरं फार अवघड. पकड ढिली सोडायची, पण हात आवळलेले दिसले पाहिजेत. चढाई करणाऱ्यानं समोरच्याला शिवून मध्यरेषेकडं झेप घ्यायची, हात लांब करायचा, बोटं रेषेच्या अगदी अलीकडं पोचली पाहिजेत, आणि डावा पाय वीतभर मागं ठेवायचा. तेवढ्यात धरणाऱ्याला घोटा सापडतो. बघणाऱ्यांनी अरेरे म्हटलं पाहिजे. सुदामला हा पाय त्यांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून शिकवला. पुन्हा, पुन्हा, माती ओली करून, त्याचा घोटा स्वतःच्या हातात धरून. "बघ, इथं ठेव. इथं. वढायचा नाय, इसरून ऱ्हायल्यासारखा ठेवायचा." फायनल असली की आबा मैदानाच्या कडेला खांद्यावर टॉवेल टाकून बसायचे. तो खांद्यावर असेपर्यंत खेळायचं. तो मांडीवर आला की हरायला लागायचं. सगळ्या पंचक्रोशीत हे आम्हा सात जणांना, आबांना, काकांना आणि मायला माहीत होतं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

आता हे लिहिताना माझं डोकं तापतं. तेव्हा मात्र ते घरातल्या इतर कामांसारखंच एक काम होतं. आपल्या गावच्या जत्रेत दरवर्षी फायनल गावची टीम आणि वस्ती यांच्यातच व्हायची. सुदाम शेवटच्या चढाईत पकडला जायचा, त्याला पकडायचा तो गावच्या टीमचा कप्तान विलास. मग विलासला खांद्यावर घेऊन मिरवणूक वेशीतून आत, मारुतीच्या पारापर्यंत जायची. तिथं कप्तानाला हार घालून ढाल द्यायची रीत होती. त्या वाटेनं वस्तीतलं माणूस वाजतगाजत कधी गेलं नव्हतं. आम्ही जिंकलो तर काय करायचं, हा प्रश्नच गावानं स्वतःला कधी पडू दिला नव्हता.

त्या वर्षी तो पडला. पाचोडचे एक मास्तर आमच्याकडच्या स्पर्धांना पंच असायचे, सरळ माणूस. ते एका दुपारी सायकल हातात धरून थेट वस्तीत आले, मायच्या हातचा चहा प्याले आणि आबांना म्हणाले, "चितेगावाकडच्या एका कारखान्याचे साहेब यंदा तुमच्या जत्रेला प्रमुख पाहुणे आहेत. त्यांना कंपनीच्या टीमसाठी दोन पोरं हवीत. कायमची नोकरी. मी सुदामचं नाव सांगितलंय. ते फक्त फायनल बघणार." मास्तर निघून गेले. सुदाम तेव्हा ऊसतोडीच्या टोळीत जाऊन आलेला होता, त्याच्या तळहातांना कोयत्याचे घट्टे होते. तो नुसता तळहात बघत बसला. माय म्हणाली, "फायनल हरणाऱ्याला साहेब कशाला घ्यील?" आबांनी तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की तिनं पदर सावरला आणि ती आत गेली. पण प्रश्न बाहेरच राहिला.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. चावडीवर कोणीतरी म्हणालं की सुदाम यंदा जिंकणार. सुदाम असं कुठं बोलला नव्हता, तो फार बोलायचाच नाही. दोन-तीन दिवसांनी गावातली एक गाडी वस्तीमागं आली. गाडीत पऱ्हाट्या होत्या, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. गडीमाणसानं त्या आमच्या शेवटच्या घरांच्या कुडाला लावून रचल्या. "मळ्यात जागा नाय," तो खाली बघून म्हणाला, "मालकानं हितं टाकायला सांगितल्यात." दुसऱ्या दिवशी आणखी एक गाडी आली. मग आणखी. आठवडाभरात वस्तीची मागची सगळी बाजू पऱ्हाट्यांनी झाकून गेली. वारा आला की त्या कडकड वाजायच्या. आमचं घर त्या रांगेत मधोमध होतं, आणि सुदामचा पहाटेचा दम आता त्या पऱ्हाट्यांमधून गाळून आल्यासारखा ऐकू यायचा. माय कानावर हात ठेवून भाकरी करायला लागली, म्हणजे एक हात कानावर आणि एका हातानं पीठ चाचपत. भाकरी जाड व्हायला लागल्या. आम्ही तशाच खाल्ल्या.

मग भाऊसाहेब आले. ते गावचे कारभारी, विलासचे चुलते. ते वस्तीत शिरले नाहीत, वस्तीच्या तोंडाशी लिंबाखाली उभे राहिले आणि आबांना बोलावणं पाठवलं. मी आबांच्या मागोमाग गेलो. पांढरं स्वच्छ धोतर, आवाजात साखर. "सखाराम," ते म्हणाले, "यंदा पाहुणे लई येणारेत. कारखान्याचे साहेब येणारेत. गावाची शोभा राहिली पाहिजे."

"व्हय, भाऊसाहेब," आबा म्हणाले.

"पोरं काय बी बोलायलीत म्हणे."

"पोरं हायत."

"व्हय, पोरंच हायत. म्हणून तुला सांगायलो." मग त्यांनी वस्तीमागं नजर टाकली. "त्या पऱ्हाट्या राहू द्या तिथं. जत्रा झाली की उचलून नेतो. पर लई वाळल्यात बघ. जपून ऱ्हा. बिडीचं थोटूक कुणी टाकू नका." आणि काकांची चौकशी केली. "यशवंताचा हात कसा हाय आता?"

आबा म्हणाले, "बरा हाय." भाऊसाहेब गेले तरी आबा लिंबाखालीच उभे होते. मी जवळ गेलो तर त्यांच्या मानेवरून घाम गळत होता, आणि ऊन काही एवढं नव्हतं.

त्या दिवसापासून मायनं पाणी भरायला घेतलं. घागरी, हंडे, बादल्या, कढया, धुण्याची पाटी, शेजारणीची काहील सुद्धा मागून आणली. हापशावरून खेपा घालून घालून तिच्या डोक्यावरची चुंबळ सपाट झाली. वस्तीतल्या दुसऱ्या बायकांनीही तेच सुरू केलं, एकमेकींना काही न सांगता. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. जेवताना मी एकदा काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "लगीन हाय का घरात?" काका हसले, पण नेहमीसारखे नाही. त्यांनी हातातली बिडी न पेटवताच परत कानावर ठेवली. त्या आठवड्यात काकांनी एकही बिडी ओढली नाही. मला भाऊसाहेबांच्या धमकीपेक्षा त्या न पेटवलेल्या बिडीची जास्त भीती वाटली.

फायनलच्या आदल्या सकाळी हाडवळ्यात आबांनी सगळ्यांना बसवलं. आमच्यातला कोणीतरी म्हणाला की एकदा तरी जिंकू, होईल ते होईल. दुसऱ्यानं विचारलं, "व्हईल ते कुणाला व्हईल? तुझं घर पुढं हाय. मागं आमची हायत." सुदाम इतका वेळ मातीत काडीनं रेघोट्या मारत होता. तो म्हणाला, "आबा, माझं एकच म्हणणं हाय. टॉवेल यंदा जरा उशिरा टाका. साहेबाला माझा खेळ दिसू द्या. मग हरतो." एवढंच. आयुष्यात त्यानं आबांकडं मागितलेली मला आठवणारी ही एकच गोष्ट. आबांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. "उद्या टॉवेल बघा," म्हणाले आणि उठले.

फायनलच्या दिवशी पाचोडचा बाजार होता. वस्तीतल्या बायका लेकरांना घेऊन सकाळीच बाजाराला निघाल्या, म्हाताऱ्या सुद्धा. इतक्या बायका एकदम बाजाराला कधी गेल्या नव्हत्या. शेळ्या आदल्या संध्याकाळीच नाल्यापलीकडं बांधल्या होत्या. माय मात्र गेली नाही. "पाणी भरून ठेवलंय ते काय बघायला?" असं ती म्हणाली आणि काकांबरोबर वस्तीत थांबली. मी आणि सुदाम निघालो तेव्हा ती दोघं घरामागं, पऱ्हाट्यांकडं तोंड करून, भरलेल्या हंड्यांच्या रांगेशी बसलेली होती. मायनं सुदामला हाक मारली नाही. त्यानंही वळून बघितलं नाही. आम्ही दोघं हलगीच्या आवाजाच्या दिशेनं चालत राहिलो.

जत्रेचं मैदान भरून गेलं होतं. साहेब मंडपात खुर्चीवर, शेजारी भाऊसाहेब, टेबलावर हार आणि ढाल. आबा समोरच्या बाजूला, नेहमीच्या जागी, खांद्यावर टॉवेल. तो पांढरा, निळ्या काठाचा टॉवेल मला इतक्या लांबूनही दिसत होता, कारण मी दुसरं काही बघतच नव्हतो. सुदाम त्या दिवशी जसा खेळला तसा खेळ मी पुन्हा बघितला नाही. टीव्हीवर आता लाखांचे खेळाडू बघतो, तरी नाही. तो गेला की त्यांची पोरं मागं मागं सरकायची, रेषेबाहेर जातील इतकी. साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले. पहिल्यांदा टाळ्या पडल्या. मग त्या कमी झाल्या. मग सुदामनं एकाच चढाईत तिघांना बाद केलं तेव्हा मैदानावर कोणी हूं की चूं केलं नाही. एवढ्या माणसांची शांतता मला तोवर माहीत नव्हती. मंडपामागून दोन माणसं उठली आणि वस्तीच्या वाटेकडं चालायला लागली. सावकाश, कामाला निघाल्यासारखी. मी आबांकडं बघितलं. टॉवेल खांद्यावर होता.

मग गावच्या टीमनं जोर लावला, दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. मी बाद होऊन कडेला बसलो होतो. मास्तरांनी हात वर करून शेवटची चढाई पुकारली, ती आमची होती, म्हणजे सुदामची. आता टॉवेल खाली यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, आबा विसरले. मला वाटलं, त्यांना घेरी आली. मी नीट बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी टॉवेलची टोकं धरली होती आणि तो मानेशी घट्ट आवळून ठेवला होता, जसा कोणी ओढून घेईल. त्यांचे डोळे सुदामवर होते. सुदामनंही मध्यरेषेवर थांबून त्यांच्याकडं बघितलं. बापानं आणि लेकानं एकमेकांकडं नीट बघून घेतलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग सुदामनं दम धरला आणि आत गेला.

त्यानं विलासच्या छातीला हात लावला आणि वळला. सरळ वाट मोकळी होती. विलास भांबावून उभा होता, तो वाकलासुद्धा नव्हता. सुदामनं झेप घेतली, हात लांब केला, बोटं रेषेच्या अगदी अलीकडं पोचली. आणि त्याचा डावा पाय वीतभर मागं राहिला. विसरून राहिल्यासारखा. विलासच्या हातात घोटा आला. "अरे," असं विलास हळूच म्हणाला, मला ऐकू आलं. त्याची बोटं आवळली गेली, खेळणाऱ्याची आवळतातच. सुदामनं मान वळवून आपल्या पायाकडं बघितलं. शिटी वाजली. गाव ओरडत मैदानात धावून आलं, आणि त्या गर्दीत सुदाम अजून तसाच पालथा पडून मागं बघत होता.

साहेब जाताना मास्तरांना म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण शेवटी कच खातो. आम्हाला शेवटपर्यंत टिकणारा पाहिजे." मास्तरांनी काही समजावायचा प्रयत्न केला, पण साहेबांना निघायचं होतं. त्यांनी विलासला घेतलं आणि गावच्या टीममधला आणखी एक. भाऊसाहेबांनी आबांना लांबूनच हात जोडले. मिरवणूक वेशीतून आत गेली. वस्तीच्या वाटेकडं गेलेली ती दोन माणसं परत येताना आम्हाला आडवी आली, त्यांतल्या एकानं मला तंबाखू मागितली.

घरी आलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. माय आणि काका तिथंच बसलेले होते. मायनं आमच्या तोंडाकडं बघितलं, सगळे आले का ते मोजल्यासारखं केलं, आणि उठून पऱ्हाट्यांच्या गंजीतून एक मोठा कवळा उपसून आणला. तिनं त्या चुलीत घातल्या. कडकडीत वाळलेल्या, एका काडीत भडकल्या. त्यांवर तिनं भाकरी केल्या, येसर केलं. नंतर भाऊसाहेबांनी पऱ्हाट्या उचलायला कोणाला पाठवलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या वर्षभर साऱ्या वस्तीच्या चुली त्यांच्यावरच पेटल्या. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो. भाकर पातळ आणि पापुद्र्याची झाली होती, मायचा कानावरचा हात सुटला होता, आणि मला ती लई गोड लागली. घर उभं होतं म्हणून गोड लागली. ते आठवलं की आजही मला माझ्या जिभेचा राग येतो.

सुदाम जेवला नाही. तो भिंतीला टेकून पाय पसरून बसला होता. आबा त्याच्यासमोर येऊन बसले आणि त्याचा डावा पाय त्यांनी मांडीवर घेतला. मला वाटलं, मुरगळला असेल म्हणून तेल लावतायत. ते नुसते घोट्यावरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "मी टाकणार नव्हतो टॉवेल. कालच ठरवलं व्हतं. तुझ्या मायनं बी व्हय म्हणलं, यशवंतानं बी. तुम्हा पोरांना सांगितलं नाय, तोंडावर दिसलं असतं."

"मी बघितला की," सुदाम म्हणाला. "खांद्यावरच व्हता."

"मग?"

"मी पुढंच चाललो व्हतो, आबा." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. "पाय आला नाय."

आबांनी त्या पायावर कपाळ टेकवलं. माझ्या बापाला मी रडताना तेवढंच पाहिलं. काका उठून बाहेर गेले आणि त्यांनी आठवडाभर कानावर ठेवलेली ती बिडी पेटवली.

आबांनी नंतर कोणालाच खेळ शिकवला नाही. टॉवेल मायनं चुलीवरचं भांडं उतरवायला घेतला आणि जळून जळून तो संपला. हाडवळ्यात पोरं खेळत राहिली, पण टीम म्हणून आम्ही पुन्हा कुठं गेलो नाही. मी आयटीआय करून वाळूजला एका कारखान्यात फिटर झालो, बजाजनगरात घर घेतलं. सुदाम गवंडी झाला. माझं घर त्यानंच बांधलं, त्याची भिंत ओळंब्यात सरळ असते. खूप वर्षांनी विलास मला बसथांब्यावर भेटला, निवृत्तीला आलेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "उत्तम, मी त्याला धरला नव्हता रे. त्याचा पाय आला माझ्या हातात. आजवर कुणाला सांगितलं नाय." मी त्याला म्हणालो, मला माहीत आहे. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. बस आली, तो चढला.

मागच्या महिन्यात सुदामची नात प्रज्ञा शाळेकडून खेळली. इथंच, बजाजनगरच्या मैदानावर. आम्ही दोघं म्हातारे कडेच्या कट्ट्यावर बसलो होतो. लाऊडस्पीकरवर तिचं नाव आडनावासकट पुकारलं, गर्दीत कोणी मान वळवली नाही. तिची चढाई आली. पोरगी आत गेली, एकीला शिवली, वळली आणि झेपावली. दोन-तिघी तिच्या अंगावर पडल्या, पण तिची बोटं रेषेच्या पलीकडं पोचलेली होती. शिटी वाजली, तिच्या मैत्रिणी नाचायला लागल्या. मी टाळ्या वाजवत सुदामकडं वळलो. तोही हसत होता, डोळे भरून आलेले. पण त्याचा डावा पाय चपलेतून बाहेर येऊन वीतभर मागं सरकला होता. त्यानंही तो बघितला. मग वाकून, दोन्ही हातांनी धरून, त्यानं तो उचलला आणि परत चपलेत ठेवला.